एका मेजावरचे दोन टेलिफोन: खुली जाळी कशी वाढतात आणि कशी विरतात
#थ्रेड

१/ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील अनेक शहरांत व्यापाऱ्याच्या मेजावर दोन टेलिफोन दिसत. एक बेल कंपनीचा, दुसरा एखाद्या स्वतंत्र स्थानिक कंपनीचा. दोन्हींचे शुल्क वेगळे, ग्राहकांच्या याद्या वेगळ्या. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे. गिऱ्हाईक कोणत्या बाजूचे निघेल याचा नेम नसल्याने दुकानदाराला दुहेरी खर्च सोसावा लागे.

२/ आज एकाच मोबाइलमध्ये चार-पाच संदेश-अ‍ॅप बाळगणाऱ्याची अवस्था याहून फारशी निराळी नाही. जाळे उभारणाऱ्याने दार उघडे ठेवावे की बंद, आणि दार उघडे ठेवलेले जाळे केव्हा टिकते, हा प्रश्न समाजमाध्यमांहून पुष्कळ जुना आहे. टेलिफोन, ईमेल, जॅबर आणि मॅस्टोडॉन या चार कहाण्या क्रमाने वाचल्या, तर त्याचे उत्तर हाती येते.

३/ अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ते मार्च १८७६ मध्ये. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी एक्सचेंज सुरू झाले, तेव्हा त्याचे ग्राहक होते अवघे २१. चारच वर्षांनी, जानेवारी १८८२ मध्ये, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथेही एक्सचेंज उघडली. सर्वत्र अनुभव एकच होता. पहिल्या ग्राहकाच्या घरातील यंत्र शोभेची वस्तू होती. शंभरावा ग्राहक जोडला गेला, तेव्हा त्याच यंत्राचे मोल वाढले. यंत्रात मात्र काडीचाही बदल झाला नव्हता.

४/ बेल यांची मूळ पेटंटे १८९३ व १८९४ मध्ये संपली आणि धरण फुटावे तशा स्वतंत्र कंपन्या निघाल्या. बेल कंपनीने ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती अशा खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःच्या वाहिन्या टाकल्या. काही ठिकाणी तर कुंपणाच्या काटेरी तारेतूनच आवाज धाडला गेला. १९०७ च्या सुमारास अमेरिकेतील जवळपास निम्मे टेलिफोन बेलच्या जाळ्याबाहेरचे होते.

५/ निम्मे टेलिफोन हाती असूनही स्वतंत्र कंपन्या हरल्या. लांब पल्ल्याच्या मुख्य वाहिन्या बेलच्या मालकीच्या होत्या आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांना त्यांवर प्रवेश नव्हता. स्वतंत्र कंपन्यांची एकूण संख्या मोठी दिसे; परंतु ती हजारो तुटक बेटांची बेरीज होती. एका गावच्या ग्राहकाला दूरच्या शहराशी बोलायचे असेल, तर त्याच्या कंपनीपाशी वाट नसे. त्यांची वाढ झाली होती, जाळे झाले नव्हते.

६/ हे मर्म थिओडोर व्हेल यांनी अचूक ओळखले. १९०७ मध्ये ते बेल समूहाच्या मूळ कंपनीचे, म्हणजे एटी अँड टीचे, पुन्हा अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षीच्या वार्षिक अहवालात त्यांनी भागधारकांना समजावले की दुसऱ्या टोकाला कोणी नसेल तर टेलिफोनइतकी निरुपयोगी वस्तू नाही. त्याचे मूल्य जोडण्यांच्या संख्येवर ठरते. ‘नेटवर्क इफेक्ट’ हा शब्द रूढ होण्यापूर्वी कित्येक दशके ही कल्पना एका कंपनीच्या अहवालात छापली गेली होती.

७/ व्हेल यांचा निष्कर्ष मात्र मक्तेदारीचा होता: एक धोरण, एक यंत्रणा, सर्वांना सेवा. एटी अँड टीने प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लावला. सरकार खटल्याच्या तयारीला लागले, तेव्हा डिसेंबर १९१३ मध्ये कंपनीचे उपाध्यक्ष नेथन किंग्जबरी यांनी महान्यायवादींना पत्र लिहून तडजोड स्वीकारली. स्वतंत्र कंपन्यांना लांब पल्ल्याच्या वाहिन्यांना जोडून घेण्याचे आणि सरकारला न विचारता प्रतिस्पर्धी कंपन्या न गिळण्याचे वचन त्यात होते.

८/ कागदावर दार उघडले; परंतु वेळ निघून गेली होती. त्याच शहरातील दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना एकमेकींशी जोडण्याची सक्ती त्या वचनात नव्हती. लांब पल्ल्याचा कणा बेलचाच राहिला आणि त्याला जोडल्या गेलेल्या छोट्या कंपन्या हळूहळू त्याच्या फांद्या बनल्या. १९२१ च्या कायद्याने विलीनीकरणे पुन्हा सुकर केली. ही मक्तेदारी मोडायला १ जानेवारी १९८४ उजाडावा लागला.

९/ यामागचे गणित सोपे आहे. दहा माणसांच्या जाळ्यात ४५ जोड्या संभवतात, शंभर माणसांच्या जाळ्यात ४,९५०. माणसे दहापट झाली, तर जोड्या शंभरपटीहून अधिक. इथरनेटचे एक जनक रॉबर्ट मेटकाफ हे तत्त्व १९८० च्या सुमारास आपली जोडणी-यंत्रे विकताना मांडत. पुढे १९९३ मध्ये जॉर्ज गिल्डर यांनी त्याला ‘मेटकाफचा नियम’ असे नाव दिले.

१०/ खरी मेख पुढे आहे. पन्नास-पन्नास माणसांची दोन जाळी एकमेकांना जोडली, तर दोन्हीकडच्या प्रत्येकाला पन्नास नवी माणसे मिळतात. सौदा बरोबरीचा. आता एक जाळे नव्वदांचे व दुसरे दहांचे आहे असे समजावे. जोडणी झाली, तर लहान जाळ्यातील प्रत्येकाला नव्वद नवी माणसे लाभतात, मोठ्यातील प्रत्येकाला केवळ दहा. तुटली, तर लहानाचा संसार बुडतो आणि मोठ्याच्या अंगावर ओरखडाही उठत नाही.

११/ म्हणून मोठ्याला दार बंद करण्याचा मोह होतो. त्यासाठी तो दुष्ट असण्याची गरज नाही; केवळ पुरेसा मोठा असणे पुरते. खुल्या जाळ्याचे भवितव्य त्याच्या नियमांच्या उदात्ततेपेक्षा त्यातील वाटण्यांवर ठरते. एकूण जाळे किती वाढले, हा एक प्रश्न. ती वाढ किती हातांत विभागली गेली, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे अनुकूल असतील, तेव्हाच दार उघडे राहते.

१२/ या नियमावर आक्षेपही आहेत. २००६ मध्ये अँड्र्यू ओडलिझ्को आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवले की सर्व जोड्या सारख्या मोलाच्या धरणे चूक आहे. कोट्यवधी अनोळखी माणसांहून ओळखीची पन्नास माणसे मोलाची असतात. मराठीत लिहिणाऱ्याला तर हे सांगायला नको: जाळ्यावर सारे जग असले आणि मराठी वाचक नसला, तर ते जाळे त्याच्यापुरते ओसाडच. मूल्य कोणत्या वेगाने वाढते यावर वाद आहे. माणसांवाचून ते वाढत नाही यावर नाही.

१३/ आता खुलेपणा जिंकल्याची कहाणी. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीला निरोप धाडला आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह बसवले. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी हा निरोपांच्या वाहतुकीचा नियमसंच प्रसिद्ध केला. तो कोणाच्या मालकीचा नव्हता. वाचावा, त्याप्रमाणे सर्व्हर उभारावा आणि जाळ्यात सामील व्हावे, इतकी ती वाट मोकळी होती.

१४/ त्याच काळात कॉम्प्युसर्व्ह, एमसीआय मेल यांसारख्या व्यापारी सेवाही टपाल वाहत होत्या. परंतु प्रत्येकीचे टपाल तिच्या कुंपणापुरते. मेजावरचे दोन टेलिफोन जणू परत आले. १९८९ पासून या सेवा इंटरनेटच्या टपालाला जोडल्या जाऊ लागल्या. कारण उघड होते. विद्यापीठे, प्रयोगशाळा व सरकारी खाती मिळून कुंपणाबाहेरचे जग कोणत्याही एका कुंपणातील जगाहून मोठे झाले होते. बाहेर राहणे परवडेनासे झाले, म्हणून बंद दारे उघडली.

१५/ खुल्या जाळ्याची मोठी देणगी नवागताला मिळते. जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. तिच्या पहिल्या ग्राहकालाही पहिल्याच दिवशी जगातील प्रत्येक ईमेलधारकाला पत्र लिहिता येत होते. सारे जुने जाळे तिला आयते मिळाले. प्रत्येक पत्राच्या तळाशी मोफत खात्याचे निमंत्रण छापून तिने त्या जाळ्यातूनच स्वतःची वाढ साधली. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली.

१६/ पुढे ईमेलमध्येही बडे झाले. २००४ मध्ये आलेली जीमेल त्यांतील सर्वांत ठळक. अनाहूत टपालाच्या भीतीने बडे सेवादाते छोट्या सर्व्हरांच्या पत्रांकडे संशयाने पाहतात, हेही खरे. तरीही जीमेलला उरलेल्या जगाशी फारकत घेता आलेली नाही. बँका, न्यायालये, शाळा, कारखाने असे असंख्य स्वतंत्र पत्रव्यवहारी बाहेर आहेत. इतक्या माणसांना तोडणारी सेवा स्वतःच निरुपयोगी ठरेल. ईमेलचे रक्षण कायद्याने केलेले नाही. विखुरलेल्या वाढीने केले आहे.

१७/ तात्काळ संदेशांचे नशीब असे नव्हते. आयसीक्यू १९९६ मध्ये आले, एओएलचा मेसेंजर १९९७ मध्ये. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर आणून त्यातून एओएलच्या ग्राहकांशीही बोलण्याची सोय केली. एओएलने ती वाट बंद केली, मायक्रोसॉफ्टने नवी शोधली, एओएलने तीही बुजवली. हा लपंडाव काही काळ चालला. अखेरीस मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. आघाडीवर असलेल्याला जोडणी नको होती; मागे असलेल्याला ती हवी होती. नव्वद आणि दहाचे गणित पुन्हा खरे ठरले.

१८/ याच वर्षाच्या जानेवारीत जेरेमी मिलर या अमेरिकी तरुणाने जॅबर हा खुला प्रकल्प जाहीर केला होता. कल्पना ईमेलसारखीच: कोणीही सर्व्हर चालवावा, कोणत्याही सर्व्हरवरून कोणाशीही बोलावे. २००४ मध्ये त्याला एक्सएमपीपी या नावाने अधिकृत मानकाचे रूप मिळाले. रचना चांगली होती, कार्यकर्ते निष्ठावान होते. उणीव होती ती माणसांची. बहुतेकांचे मित्र याहू, एमएसएन व एओएलवर होते.

१९/ ऑगस्ट २००५ मध्ये गूगल टॉक आले, तेही एक्सएमपीपीच्या पायावर. जानेवारी २००६ मध्ये गूगलने इतर सर्व्हरांशी संवादाचे दारही उघडले. छोट्या सर्व्हरांच्या चालकांना आकाश ठेंगणे झाले. आता आप्तांना जीमेल सोडायला सांगण्याचे कारण उरले नव्हते. आपल्या सर्व्हरवरूनच त्यांच्याशी बोलता येत होते. खुल्या मानकाला जे हवे होते ते एका फटक्यात मिळाले: वाढ. परंतु ती सारी एकाच अंगणात झाली.

२०/ मे २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स जाहीर केले. त्यात इतर सर्व्हरांशी संवाद नव्हता. जसजसे लोक नव्या अ‍ॅपवर गेले, तसतसे बाहेरच्यांच्या यादीतील मित्र एकेक करून मूक होत गेले. गूगलच्या बहुसंख्य ग्राहकांना काही घडल्याचे जाणवलेही नाही, कारण त्यांचे बहुतेक मित्र गूगलवरच होते. बाहेरच्यांसाठी मात्र जवळजवळ सारे गावच उठून गेले.

२१/ गूगलने जॅबर मारले, असे तेव्हापासून म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. एक्सएमपीपी मेले नाही. त्याचे सर्व्हर आजही चालतात. ज्या सात वर्षांत दार उघडे होते, त्या काळात गूगलबाहेर दुसरा कोणी मोठा भागीदार उभा राहिला नाही, हे खरे दुखणे. गूगलच्या तोडीची चार-पाच अंगणे जोडलेली असती, तर दार लावून घेणे गूगललाच महागात पडले असते.

२२/ नियतीचा खेळ असा की खुल्या जॅबरचे तंत्र सर्वाधिक फोफावले ते बंद भिंतीआड. व्हॉट्सअ‍ॅपने एक्सएमपीपीतच फेरफार करून आपली यंत्रणा उभी केली. मात्र इतर सर्व्हरांना वाट ठेवली नाही. फोनमधील संपर्कयादी हेच तयार जाळे धरून ते वाढले. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरना ते घेण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचे वापरकर्ते सुमारे ४५ कोटी होते. तंत्र तेच, भवितव्य वेगळे. फरक माणसांनी केला.

२३/ बंद जाळेही अमर नसते. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले ऑर्कुट ब्राझील व भारतात घरोघरी पोहोचले. मराठी कविता, दुर्गभ्रमण अशा विषयांवरच्या मराठी कम्युनिटी तेथे रंगल्या. २०१० मध्ये भारतात फेसबुक पुढे गेले, आणि ज्या वेगाने जाळे विणले गेले त्याच वेगाने उसवले. एक मित्र गेला की दुसऱ्याचे राहण्याचे कारण कमी होई. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. छायाचित्रे उतरवून घेता आली. माणसांची गुंफण दुसरीकडे नेता आली नाही.

२४/ ही गुंफण कोणाच्या मालकीची असावी, हाच खुल्या समाजमाध्यमांचा मूळ प्रश्न. २००८ मध्ये इव्हान प्रोड्रोमू यांनी आयडेंटिका हे खुले लघुसंदेश-व्यासपीठ उभारले. २०१६ मध्ये जर्मनीत ऑयगेन रोख्को यांनी मॅस्टोडॉन आणले. जानेवारी २०१८ मध्ये अ‍ॅक्टिव्हिटीपब हे वेबचे अधिकृत मानक झाले. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तरी अनुयायी बरोबर नेता येतात, जुने लेखन मात्र मागेच राहते. ऑर्कुटवर जे अशक्य होते, त्यातले अर्धे तरी शक्य झाले.

२५/ भारताने या प्रयोगाची चव २०१९ मध्ये घेतली. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांनी नाझी सलाम नाकारणाऱ्या एका जर्मन कामगाराचे १९३६ चे प्रसिद्ध छायाचित्र लावले होते. त्यावरून ट्विटरने त्यांचे खाते निलंबित केले. निषेध म्हणून त्या नोव्हेंबरात अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉन गाठले. परंतु वादविवादाचा फड, वार्ताहर, वाचक हे सारे ट्विटरवरच राहिले होते. ओघ आला तसा ओसरला.

२६/ ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर ४४ अब्ज डॉलरना घेतले आणि याहून मोठी लाट आली. मॅस्टोडॉनचे मासिक सक्रिय वापरकर्ते सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले. हौशी चालकांचे सर्व्हर दबले. नवागतांना पहिलाच प्रश्न पडे: कोणता सर्व्हर निवडावा? पुढच्या काही महिन्यांत पुष्कळजण परतले. मे २०२३ मध्ये मॅस्टोडॉनने आपल्या अ‍ॅपमध्ये स्वतःचा मुख्य सर्व्हर पुढे केला. प्रवेश सोपा झाला, गर्दी मात्र एका दाराशी वाढण्याचा धोका आला. वाढ आणि विखुरणे यांतील ओढाताण इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

२७/ यावर एक गट म्हणतो, वाढ हवीच कशाला? छोटे गाव सुखी असते. त्यात तथ्य आहे: ओळखीपाळखीच्या जागी वाद आवरणे सोपे जाते, शिष्टाचार टिकतो. परंतु दोन वाढींची गल्लत होते. एकेका सर्व्हरने फुगत जाणे आणि एकूण जाळे पसरणे, या भिन्न गोष्टी आहेत. ईमेलचा इतिहास सांगतो की गावे लहान राहूनही रस्ते दूरवर जाऊ शकतात. रस्तेच नसलेल्या गावांचे काय होते, ते अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या टेलिफोन वाहिन्यांनी दाखवले.

२८/ जुलै २०२३ मध्ये मेटाने थ्रेड्स आणले; पाच दिवसांत १० कोटी नोंदण्या झाल्या. आपण अ‍ॅक्टिव्हिटीपबला जोडले जाऊ, असे मेटाने सांगितले. शेकडो सर्व्हर-चालकांनी मेटाला आधीच दार बंद करण्याचा निर्धार केला, इतरांनी स्वागत केले. त्या वादात जॅबरचे उदाहरण वारंवार निघाले. २०२४ मध्ये काही देशांत ही जोडणी ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. एका बाजूला कोट्यवधी, दुसऱ्या बाजूला काही लाख. नव्वद-दहाचे प्रमाणही येथे सौम्य वाटावे.

२९/ येथवरच्या इतिहासाचा कौल स्पष्ट आहे. खुले मानक माणसाला निघून जाण्याची मुभा देते. राहण्याचे कारण मात्र दुसरी माणसेच देतात. वाढ नसलेले खुले जाळे रिकाम्या धर्मशाळेसारखे असते: दार सताड उघडे, आत चिटपाखरू नाही. आणि सारी वाढ एकाच्या हाती गेलेले जाळे त्या एकाच्या मर्जीवर खुले राहते. एटी अँड टी १९१३ मध्ये हे जाणून होती. जॅबरच्या कार्यकर्त्यांना ते २०१३ मध्ये कळले.

३०/ म्हणून खुल्या व्यासपीठावर उभा राहणारा प्रत्येक नवा स्वतंत्र सर्व्हर आणि त्यावर येणारी माणसे हा केवळ आकड्यांचा हिशेब नसतो. एखादे विद्यापीठ, एखादे वृत्तपत्र, एखादे ग्रंथालय स्वतःच्या सर्व्हरसह जोडले गेले, की दार लावून घेऊ पाहणाऱ्या बड्या भागीदाराचा तोटा थोडा वाढतो. तो तोटा पुरेसा वाढला, तर मेजावर दुसरा टेलिफोन ठेवण्याची वेळ कोणावर येत नाही.